दोन लाख माणसं, अंदाजे

१४ जुलै १९३० रोजी मोन्तेविदेओ शहरातल्या पोसितोस मैदानावर रुमानिया आणि पेरू यांचा सामना झाला. फुटबॉलच्या पहिल्या विश्वचषकाचा तो दुसरा दिवस होता. जुलै म्हणजे उरुग्वेत ऐन हिवाळा. अधिकृत नोंदीत त्या दिवसाची प्रेक्षकसंख्या २,५४९ अशी आहे. अडीच हजारांवर एकोणपन्नास, म्हणजे कुणीतरी अगदी एकेक डोकं मोजलेलं दिसतं! पण खेळाचा इतिहास खणणारे सांगतात, की प्रत्यक्षात मैदानात तीनशेच्या आसपास माणसं होती. आपल्याकडच्या बेताच्या लग्नात पहिल्या दोन पंगतींना बसतात तेवढी.

वीस वर्षांनी, १६ जुलै १९५० रोजी, रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वे आणि ब्राझील समोरासमोर आले. तिकीट काढून आत गेलेल्यांचा अधिकृत आकडा १,७३,८५०. फुकटचे पास, निमंत्रित, पत्रकार आणि कसेबसे घुसलेले धरून दुसरा आकडा सांगतात, १,९९,८५४. तिसरे म्हणतात दोन लाखांच्या वर.

म्हणजे विश्वचषकाच्या इतिहासातली सगळ्यांत लहान गर्दी आणि सगळ्यांत मोठी गर्दी, दोन्ही नक्की किती होती हे आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पहिलीचा आकडा बहुधा फुगवलेला, दुसरीचा बहुधा आटलेला. आपल्याला याचं नवल वाटू नये. मैदानावरच्या जाहीर सभेचे आपल्याकडे तीन आकडे असतात: आयोजकांचा, पोलिसांचा आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला. तिन्ही एकाच सभेचे आहेत हे समजायला तारीख वाचावी लागते.

माराकानाचा आकडा खरोखर डोळ्यांपुढे आणायचा तर वानखेडे स्टेडियम घ्या. तिथे आज सुमारे ३३ हजार माणसं बसतात. १,९९,८५४ हा आकडा खरा धरला, तर अशी सहा वानखेडे काठोकाठ भरतील आणि वर हजारेक माणसं बाहेर तिकीट हातात धरून उभी राहतील. आणखी एक माप देतो. पेठापेठांच्या तालमींनी ज्या गावात फुटबॉल जिवंत ठेवलं, त्या कोल्हापूर शहराची वस्ती १९५१ च्या जनगणनेत दीड लाखही नव्हती. रिओच्या त्या दुपारी अख्खं कोल्हापूर, तान्ह्या बाळांपासून आजारी म्हाताऱ्यांपर्यंत, आत मावलं असतं आणि तरी जागा उरली असती. उरुग्वेची गोष्ट तर आणखी अवघड. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा बावीस लाखांच्या आसपास होती. म्हणजे अकरा उरुग्वेवासी मैदानात उतरले तेव्हा त्यांच्या देशातल्या दर अकरा माणसांमागे एक असा प्रतिपक्ष भोवती बसला होता.

बसला होता म्हणणंही तितकंसं खरं नाही. माराकानात खालच्या बाजूला, मैदानाला खेटून एक उभ्याने बघायची जागा होती. तिला तिथे ‘जेराल’ म्हणत, सर्वसाधारण. सगळ्यांत स्वस्त तिकीट तिथलं. तिथून खेळाडूंचे पायच नीट दिसायचे, चेंडू लांब गेला की पुढच्याच्या डोक्यावरून अंदाज बांधायचा. मुंबईच्या लोकलमध्ये दारात उभं राहून जसं सगळं जग अर्धं दिसतं, तसं. माणूस उभा असला की कमी जागेत मावतो. ही एक साधी गोष्ट सगळ्या प्रचंड आकड्यांच्या मुळाशी आहे. आता फिफाच्या सामन्याला प्रत्येकाला खुर्ची लागते, खुर्चीला नंबर लागतो, दोन रांगांत जायला वाट लागते. जेराल २००५ मध्ये बंद झाली. आज माराकानात ७८,८३८ माणसं मावतात. मैदान तेच, आकडा निम्म्याहून खाली.

हे सुरक्षिततेसाठी झालं, आणि बरं झालं. १९९२ मध्ये याच माराकानात वरच्या गॅलरीचा कठडा तुटून तीन माणसं गेली होती. त्याआधी १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीत ९७ जण दगावले. उभ्याने सामना बघण्याच्या आठवणींनी गहिवरणारे लोक हा आकडा सोयीस्करपणे विसरतात.

पुन्हा १९५० कडे येतो, कारण त्या दिवशीचे आकडे अजून संपलेले नाहीत. तो सामना रीतसर अंतिम सामना नव्हता. चार संघांची साखळी होती आणि ब्राझीलला नुसती बरोबरी पुरे होती. ४७ व्या मिनिटाला ब्राझीलच्या फ्रिआसाने गोल केला. ६६ व्या मिनिटाला उरुग्वेच्या शियाफिनोने फेडला. ७९ व्या मिनिटाला घिग्गियाने जवळच्या खांबालगत चेंडू सारला. २-१. फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमे यांनी ब्राझीलच्या अभिनंदनाचं पोर्तुगीज भाषण खिशात तयार ठेवलं होतं. ते बक्षीस द्यायला खाली आले तेव्हा मैदानावर ना बँड होता, ना मानवंदना. गर्दीतच कुठेतरी त्यांनी उरुग्वेचा कप्तान ओब्दुलिओ वारेला याच्या हातात चषक ठेवला आणि हात मिळवला. दोन लाख माणसं एका वेळी गप्प बसल्यावर कसं वाटत असेल, हे मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

घिग्गिया पुढे गमतीने म्हणायचा, की माराकानाला गप्प करणारे तिघेच: पोप, फ्रँक सिनात्रा आणि मी. तो वारला १६ जुलै २०१५ रोजी. बरोबर ६५ वर्षांनी, त्याच तारखेला. कादंबरीकाराने असं लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं. ब्राझीलचा गोलरक्षक बार्बोसा मात्र गमतीच्या पलीकडे गेला होता. आमच्या देशात गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा ३० वर्षांची, मी ५० वर्षं भोगतोय, असं तो २००० साली मरेपर्यंत सांगत राहिला.

मेक्सिको सिटीचं अस्तेका मैदान या सगळ्यांत माझं आवडतं. ज्वालामुखीचा थिजलेला लाव्हा सुरुंगाने फोडून ते उभं केलं आणि १९६६ च्या मे महिन्यात उघडलं. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे २,२०० मीटर. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरच्या देवळाच्या वर आणखी साडेपाचशे मीटर चढायचं आणि तिथे नव्वद मिनिटं पळायचं. हवेचा दाब तिथे जवळजवळ पाव हिश्श्याने कमी. चेंडू लांब जातो, श्वास जवळ येतो.

तिथे १९७० चा अंतिम सामना १,०७,४१२ लोकांनी पाहिला. १९८६ चा १,१४,६०० लोकांनी. त्या १९८६ मध्येच, २२ जूनला, इंग्लंडविरुद्ध माराडोनाने ५१ व्या मिनिटाला हाताने गोल केला आणि चार मिनिटांनी तो गोल, ज्याला शतकातला सर्वोत्तम म्हणतात. स्वतःच्या अर्ध्या भागातून सुरुवात, दहा-अकरा सेकंद, चेंडूला अकरा स्पर्श. फुटबॉलमधली सगळ्यांत मोठी लबाडी आणि सगळ्यांत मोठी कला यांच्यात फक्त चार मिनिटं, तीही कळसूबाईच्या डोक्यावर. ११ जून २०२६ चा उद्घाटनाचा सामनाही वेळापत्रकात याच मैदानाच्या वाट्याला आला. तीन पुरुष विश्वचषकांचं यजमानपद दुसऱ्या कुठल्याच मैदानाकडे नाही.

पण अस्तेकाचा मला सगळ्यांत चक्रावणारा वाटणारा आकडा वेगळाच आहे. ५ सप्टेंबर १९७१. महिलांचा विश्वचषक म्हणून भरवलेली स्पर्धा, अंतिम सामना मेक्सिको आणि डेन्मार्क. डेन्मार्कने ३-० असा जिंकला आणि तिन्ही गोल सुझान ऑगस्टेसन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने केले. दहावीतली पोर म्हणा ना. बघायला किती लोक होते? सुमारे १,१०,०००. आता फिफाची यादी उघडा. महिलांच्या विश्वचषकातला प्रेक्षकांचा विक्रम तिथे १९९९ च्या अमेरिका-चीन अंतिम सामन्याच्या नावावर, ९०,१८५. कारण १९७१ ची स्पर्धा फिफाने भरवलेली नव्हती, म्हणून ती धरायची नाही. एक लाख दहा हजार माणसं त्या दिवशी घरून निघाली, रांगा लावल्या, ओरडली, घरी गेली, आणि हिशेबाच्या वहीत ती कुठेच गेली नाहीत.

वजनाकडे वळू. जपानमधल्या सापोरो शहरात बर्फ इतका पडतो, की छताखालीच खेळावं लागतं, आणि छताखाली गवत जगत नाही. म्हणून २००२ च्या विश्वचषकासाठी त्यांनी अख्खं मैदानच हलतं केलं. गवत, माती, खालचं तळघडण धरून ८,३०० टन. ते बाहेर उन्हात वाढतं, आणि सामना असला की खालून हवा सोडून थोडंसं उचलतात आणि चाकांवरून आत सरकवतात. ८,३०० टन म्हणजे किती, हे साखर कारखानदारीच्या मुलखात चटकन कळेल. एखाद्या चांगल्या मोठ्या कारखान्याचं दिवसाचं गाळप साधारण एवढं असतं. चोवीस तास गव्हाणीत पडणारा सगळा ऊस एका चौकोनात रचा, त्यावर हिरवळ लावा आणि तो ढीग दारातून आत ढकला. या सरकत्या गवतावरच जर्मनीने सौदी अरेबियाला ८-० असं हाणलं.

अमेरिकेने त्याआधी, १९९४ मध्ये, हाच पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. मिशिगनमधल्या पाँटिअ‍ॅक गावच्या सिल्व्हरडोमला हवेने फुगवलेलं कापडी छत होतं. आत प्लास्टिकचं गवत, फिफाला हवं खरं. मग बाहेर षटकोनी तबकांत गवत वाढवलं आणि मधमाशीच्या पोळ्यासारखं आत जुळवलं. विश्वचषकाचा पहिला छताखालचा सामना तिथे झाला. हे बंदिस्त मैदान १९७५ मध्ये ५ कोटी ५७ लाख डॉलर खर्चून उभं राहिलं होतं, १२७ एकरांवर. २००९ च्या लिलावात ते जमिनीसकट गेलं ५ लाख ८३ हजार डॉलरला, म्हणजे बांधणीच्या खर्चाच्या जवळजवळ एक टक्क्याला. तेव्हाच्या दराने पावणेतीन कोटी रुपये. दक्षिण मुंबईत त्या साली एवढ्यात एक बरासा फ्लॅट आला असता, आणि पार्किंगचे वेगळे द्यावे लागले असते. २०१७ च्या डिसेंबरात ते पाडायला सुरुंग लावले. कॅमेरे लागले, धडाड धडाड आवाज झाले, धूर उठला, आणि सिल्व्हरडोम जिथल्या तिथे उभा. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुंग लावावे लागले.

त्या १९९४ च्या स्पर्धेला, जिथले लोक या खेळाला फुटबॉल म्हणायलाही तयार नाहीत त्या देशात, ३५,८७,५३८ माणसं आली. सामने फक्त ५२. सरासरी ६८,९९१. पुणे शहराची २०११ ची वस्ती होती ३१ लाख. पुढे संघ वाढले, सामने ६४ झाले, पण २०२२ पर्यंत कुठल्याही विश्वचषकाला हा एकूण आकडा ओलांडता आला नाही. कारण साधं आहे. अमेरिकेने नवं काही बांधलं नाही, आधीची अवाढव्य मैदानं वापरली.

आपलाही एक आकडा या खात्यात आहे, आणि तो लहान नाही. २०१७ चा १७ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला. मडगावचं फातोर्डा, नवी मुंबईतलं नेरूळ, कोलकात्याचं सॉल्ट लेक धरून सहा ठिकाणी. सामने तेवढेच, ५२. प्रेक्षक १३ लाख ४७ हजार. त्या वयोगटातला तोवरचा विक्रम १९८५ पासून चीनच्या नावावर होता, तो मोडला. गोव्याची २०११ ची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार, म्हणजे जवळपास अख्खा गोवा एकदा तिकीट काढून गेल्यासारखं. त्यातले कित्येक जण भारताचा संघ बाहेर पडल्यानंतर, माली आणि स्पेनच्या पोरांना बघायला आलेले. नेरूळचा उपांत्य सामना त्यांचाच होता.

मैदानं आणि माणसं यांचा मेळ नेहमी बसतोच असं नाही. १९६६ मध्ये इंग्लंडच्या वेम्बली मैदानावर उरुग्वे आणि फ्रान्स यांचा सामना व्हायचा होता, पण तो शुक्रवार होता, आणि शुक्रवारी रात्री वेम्बलीवर कुत्र्यांच्या शर्यती असत. मालक शर्यत रद्द करायला तयार होईनात. विश्वचषकाचा सामना मुकाट्याने व्हाइट सिटी मैदानावर हलवला. २०१८ मध्ये रशियातल्या येकातेरिनबुर्गला उलटी अडचण आली. फिफाची किमान अट ३५ हजार खुर्च्यांची, आणि जुनी सोव्हिएत काळची दर्शनी भिंत वारसा म्हणून हलवायची नाही. मग भिंतीलाच मोकळी जागा ठेवून मैदानाबाहेर, छताच्याही बाहेर, लोखंडी पाइपांचा उंच माचा बांधला आणि त्यावर हजारो खुर्च्या टाकल्या. शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं हाकतात तसं तिथून विश्वचषक बघायचा. पहिल्या सामन्याला आले २७,०१५ लोक. एवढी खटपट करून मिळवलेल्या खुर्च्यांपैकी हजारो रिकाम्या.

त्या स्पर्धेत कालिनिनग्राद ते येकातेरिनबुर्ग हे अंतर अडीच हजार किलोमीटरच्या घरात होतं. चार वर्षांनी कतारमध्ये दोन मैदानांमधलं सगळ्यांत लांबचं अंतर सुमारे ७५ किलोमीटर. आपली सीएसएमटी-कसारा लोकल त्याहून लांब जाते. अख्खा कतार सातारा जिल्ह्यापेक्षा जेमतेम मोठा, आणि त्यात आठ मैदानं. त्यातलं एक, स्टेडियम ९७४, जहाजावरच्या मालाच्या ९७४ कंटेनरांचं, कारण कतारचा फोन कोडही ९७४. स्पर्धा झाली की खोलून न्यायचं, अशी मूळ कल्पना. लुसैल मैदानावरच्या अंतिम सामन्याचे प्रेक्षक ८८,९६६.

कंटेनर एकही जास्त नाही, एकही कमी नाही. प्रेक्षकही एकेक मोजलेले. मग विश्वचषकाच्या कामांवर मजूर किती दगावले? त्यांत भारत, नेपाळ, बांगलादेश इथलीच माणसं जास्त. आधी आयोजकांनी मैदानांपुरतं सांगितलं, कामावर तिघे आणि कामाबाहेर ३७. नंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका मुलाखतीत आयोजन समितीचे प्रमुख हसन अल-थवादी म्हणाले, ४०० ते ५००, नक्की आकडा माझ्याकडे नाही. चारशे आणि पाचशे यांच्यात शंभर माणसं बसतात. खुर्च्यांच्या बाबतीत कुणी असं बोललं असतं, तर त्याला तिकीट खिडकीवरसुद्धा कामाला ठेवलं नसतं.

आता चिलीची राजधानी सांतियागो. तिथल्या एस्तादिओ नासिओनाल मैदानावर १९६२ चा अंतिम सामना झाला. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९६० मध्ये, चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला होता, मोजमाप सुरू झाल्यापासूनचा जगातला सगळ्यांत मोठा. तरी स्पर्धा झाली, ब्राझील जिंकला. अकरा वर्षांनी, ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता उलथवली आणि त्याच मैदानाचा तुरुंग केला. रेड क्रॉसच्या अंदाजाने एका वेळी तिथे ७,००० कैदी होते. गॅलरीत, खेळाडूंच्या खोल्यांत, बोळांत. छळ झाला, माणसं मारली गेली. एकूण किती जण त्या दारातून आत गेले, याचे आकडे पुन्हा वेगवेगळे आहेत. २१ नोव्हेंबरला त्याच मैदानावर १९७४ च्या विश्वचषकासाठी सोव्हिएत संघाशी पात्रता सामना लावला. सोव्हिएत संघाने यायचं नाकारलं. चिलीच्या खेळाडूंनी मध्यरेषेवरून चेंडू ढकलत नेला आणि समोर कुणीही नसलेल्या जाळ्यात मारला.

पुढे त्या मैदानाची डागडुजी झाली, नव्या खुर्च्या बसल्या. फक्त आठव्या प्रवेशद्वारालगतचा एक लहान तुकडा तसाच ठेवला आहे, १९७३ च्या जुन्या लाकडी बाकांसह, भोवती कठडा घालून. सामन्याला मैदान कितीही भरलं तरी त्या बाकांवर कुणाला बसवत नाहीत. तिथलं तिकीट विकलं जात नाही.